दोन्या फेलाचा सप्टेंबर

चाळीस वर्षं अख्ख्या वस्तीला सप्टेंबर सांगणाऱ्या दोन्या फेलाला यंदा स्वतःलाच सप्टेंबर कळेना.

तिची रीत सगळ्या पोर्तो रिकोत चालते तीच. जानेवारीचे पहिले बारा दिवस म्हणजे वर्षाचे बारा महिने. नववा दिवस जसा जाईल तसा सप्टेंबर जाणार, आणि तिच्या डोंगराळ वस्तीत सप्टेंबर म्हणजे वादळ. पहाटे उठायचं, ढग, वारा, दव बघायचं आणि वहीत टिपायचं. लोक तिला मानाने 'दोन्या' म्हणत, तिला विचारून लग्नाच्या तारखा धरत. अंदाज चुकला की खापर ढगांवर फोडायचं आणि बरोबर आला की मान आपण घ्यायचा, एवढा धूर्तपणा तिच्यात होताच.

यंदाचा नववा दिवस लख्ख गेला. तिने लिहिलं, सप्टेंबर कोरडा. मग मे महिन्यात रेडिओवाला म्हणाला, समुद्र तापलाय, वादळं नेहमीपेक्षा जास्त होतील. रेडिओला ती मोजत नसे. पण घरामागचा अवोकाडो? जन्मात डझनभर फळं न दिलेलं ते झाड यंदा ओझ्याने वाकलं होतं. अवोकाडो असा लगडला की मोठं वादळ येतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. वही एक म्हणते, झाड दुसरंच. खोटं कोण? तिच्या डोक्याचा पार गोंधळ उडाला. त्यात झाड नेमकं तिच्या पत्र्याच्या छपरावर झुकलेलं.

सान हुआनमध्ये राहणारी तिची मुलगी येसेनिया रोज फोनवर मागे लागायची.

"मम्मी, एक जूनला वादळांचा मोसम सुरू होतो. ते झाड तरी पाड, नाहीतर इकडे राहायला ये. पप्पा गेल्यापासून तू एकटी आहेस."

"वही म्हणते कोरडा जाईल."

"मग झाड झुकलंय त्या छपराखालून पलंग का हलवलास?"

शेवटी दोन्या फेलाने झाड पाडायला शेजारच्या चिलोला बोलावलं. तो करवत घेऊन आला, मान वर करून फळं बघितली आणि खो खो हसत सुटला.

"मानलं बुवा मोंचोला! झाड घाबरलं की हो!"

मोंचो म्हणजे तिचा नवरा, नोव्हेंबरात गेलेला.

"दात काय काढतोस? नीट सांग."

"गेल्या वर्षीचा गुड फ्रायडे. तुम्ही मिरवणुकीला गेला होतात. मोंचोनं कोयत्याच्या पाठीनं याला बडवलं. फळ देतोस की तोडू, म्हणून. मी मध्ये पडलो, सोड रे, पुढच्या वर्षी देईल, म्हणून गयावया केली. रीतच आहे ना ती, न फळणाऱ्या झाडाला एकानं धमकवायचं, दुसऱ्यानं सोडवायचं."

"आणि हे तू आज सांगतोयस, मेल्या? महिनाभर झोप नाही मला!"

"झाडाशी बोलल्याचं सांगायची लाज वाटते हो."

दोन्या फेला अधिकच गोंधळली. "मग ही फळं वादळाची की मोंचोची?"

"ते मला काय ठाऊक? मी नुसता जामीन राहिलो." चिलोने करवत खाली ठेवली. "निघताना मोंचो झाडाला एवढं म्हणाला, दिलंस फळ, तर फेला आहे तोवर तुला कुणी हात लावणार नाही."

ती खोडाजवळ गेली. मोंचोच्या खांद्याच्या उंचीवर सालीत कोयत्याचे वळ होते. त्यांवर हात ठेवून ती रडली. नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी येसेनियाचा फोन आला. "पाडलंस ना?"

"नाही. चिलो पत्रे दोरांनी आवळून देतोय. ऑगस्टमध्ये ये, फळं उतरवायला."

"आणि वादळ? येणार की नाही?"

"मला माहीत नाही गं," दोन्या फेला म्हणाली. हे उत्तर तिने चाळीस वर्षांत कुणाला दिलं नव्हतं. "पण झाडाने शब्द पाळलाय. आता मोंचोचा मी पाळते."

फोन ठेवून तिने पलंग ओढत पुन्हा झाड झुकलेल्या छपराखाली नेला.