हुंकाराला साथ

रिवानोन लहानपणी गोठ्यात गायची. दूध काढण्याच्या यंत्राची घरघर एका सुरात चाले आणि ही पोर तो सूर धरून नाचाची गाणी म्हणे. पुढे पॅरिसला गेल्यावर तिने हेच वाढवलं: लांब ताणलेले सूर, हुंकार, उसासे, मध्येच गावाकडच्या ब्रेतों बोलीतला एखादा शब्द. तीन रेकॉर्डी निघाल्या. समीक्षक तिला ‘प्रयोगशील’ म्हणू लागले, रसिक डोळे मिटून ऐकू लागले. तिला मात्र एकच गोष्ट सलत होती. आपल्या गाण्यावर आपल्या गावाचा पाय उचलत नाही.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या तिच्या गावात नाचाचं गाणं दोघांनी गायचं असतं. एकाने ओळ म्हणायची. दुसऱ्याने तिचे शेवटचे शब्द बरोबरीने उचलायचे आणि अख्खी ओळ परत करायची. अशी ओळ उचलावी तर जाकेझाआत्यानेच. म्हणून रिवानोनने गावी येऊन तिलाच साथीची गळ घातली.

“तुझं गाणं?” तव्यावरचं क्रेप, म्हणजे पातळ धिरडं, उलटत आत्या म्हणाली. “अगं, आमची गाय व्यायली तेव्हा असंच करत होती.”

“मग तिला साथ दिलीसच ना?”

“दिली. पण त्यावर नाचायला कोणी आलं नव्हतं!”

तरी रविवारी दुपारी गावच्या नाचात आत्या साथीला आली. जुनी दोन गाणी झकास झाली. करंगळीत करंगळी अडकवून सारा गाव गोल फिरत होता. तिसऱ्या गाण्यात रिवानोनने शब्दच सोडून दिले आणि नुसता लांब हुंकार घातला. आत्या उचलणार काय? ती आ वासून उभी. रिंगण अडखळलं.

“जाकेझा, झोपलीस का गं?” म्हातारा फान्श ओरडला.

रिवानोन थांबली नाही. तिने पुन्हा हुंकार घातला, या वेळी पावलांचा ठेका त्यात भरून. आणि ओळ अधांतरी सोडणं आत्याला जन्मात जमलं नव्हतं. तिने तो हुंकार शेपटाकडून धरला आणि असा घुमवून परत केला, की पाय आपसूक पडू लागले. रिंगण फिरलं. मग आत्यालाच चेव आला. तिने स्वतःची एक गुरगुर मध्ये घातली आणि ती पकडताना भाचीची तारांबळ उडाली.

“पुरे गं बायांनो, मारता का आम्हाला?” फान्श धापा टाकत म्हणाला.

“मग थांब की! तुला धरलंय कोणी?”

“दोन्ही बाजूंनी धरलंय!”

गाणं संपल्यावर आत्याने सफरचंदाच्या सायडरचा घोट घेतला, गाल चाचपले आणि कुरकुरली, “पुढच्या रविवारी शब्द सोडण्याआधी खूण कर. माझी कवळी हलली.”

रिवानोनला ‘पुढच्या रविवारी’ एवढंच ऐकू आलं.