तक्त्याच्या डोक्यावरची पातेली

देवळाच्या मागं आमच्या महिला मंडळाची भांड्यांची खोली आहे. कुणाकडं लग्न असो, बारसं असो, जेवणावळीची मोठी भांडी इथूनच जातात. त्यासाठी ओतूरपर्यंत कोण हेलपाटे मारणार? आणि ह्या खोलीची किल्ली पहिल्यापासून माझ्या थोरल्या जावेच्या कमरेला. सगळ्या तिला आक्का म्हणतो. आक्का शाळेत गेलेली नाही. आकडे येतात, नोटा येतात, अक्षर तेवढं येत नाही. पण कुठलं पातेलं कुणाच्या मांडवात आहे ते तिला तोंडपाठ, त्यामुळं कधी कुणाचं अडलं नाही.

मी तरी कुठं मोठी शिकलेय म्हणा! चौथीत शाळा सुटली. पुढचं सगळं वाचन वाण्याकडच्या पुड्या सोडून, त्यांच्या कागदांवर झालं.

तर भांडी वाढली, आणि मंडळातल्या तरण्या बायकांनी कॉम्प्युटरचं मनावर घेतलं. माझी सून ओतूरला कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. तिनं एक जुना कॉम्प्युटर खोलीत आणून मांडला, प्रोग्रॅमसुद्धा स्वतःच केला. पडद्यावर भला मोठा तक्ता. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला भांडी नेणाऱ्याचा फोटो. पुढं उभे रकाने, एका भांड्याला एक रकाना, आणि रकान्याच्या डोक्यावर पट्टीत त्या भांड्याचं नाव.

त्याच संध्याकाळी आक्कानं कमरेची किल्ली सोडली आणि माझ्यापुढं धरली.

"घे. आता वाचणारीनं सांभाळावी. मी काय त्या पेटीला ओवाळू व्हय?"

हसतच म्हणाली, पण किल्ली देताना तिचा हात काही लवकर सुटेना.

"ठेव ती कमरेला," मी म्हटलं. "जरा दम धर."

घरी आल्या आल्या सुनेला धरलं. म्हटलं, आक्काला समजेल असं काहीतरी कर बाई. सून म्हणाली, "आई, त्या वरच्या पट्ट्या आपल्याला हव्या तशा करता येतात. सांगा कशा करू."

तिनं तिथं 'भांडं एक', 'भांडं दोन' असं लिहिलेलं. आम्ही सांगितलं, आमच्या तोंडात आहेत ती नावं घाल. एका कानाचं पातेलं. डुगडुगती परात. खिरीचा टोप. घातली बिचारीनं. पण पट्टी अरुंद, नाव लांब! 'डुगडु' दिसायचं आणि पुढं तीन ठिपके. मग तिनं अक्षरं उभी केली. आम्ही सगळ्या माना वाकड्या करून पडद्यापुढं उभ्या. एकीची मान अशी आखडली की घरी जाऊन शेकत बसली. शेवटी एका पट्टीत दोन ओळी केल्या, तेव्हा कुठं नावं पुरी मावली.

एकदा मी चुकून पट्टीवर माउसची टिचकी मारली, तर खालच्या सगळ्या ओळी भराभर वरखाली! मी हात झटकन मागं घेतला. सून म्हणाली, "काही नाही आई, ज्यांनी जास्त भांडी नेली ते वर आले, एवढंच." तर आक्का मागून म्हणते, "आपल्या सासूबाईसारखंच झालं की. त्यांनी नुसता डोक्याला हात लावला का सारं घर पळायचं!"

असं हसणं चाललेलं, पण अक्षर ते अक्षरच. आक्का पडद्याकडं बघायची आणि पदराआड किल्ली चाचपायची.

मग मला सुचलं, नावांच्या जागी फोटो घालू. सुनेनं भांडी जमिनीवर मांडली, वर उभं राहून एकेकाचा फोटो काढला, बारीक करून पट्ट्यांवर बसवला. आक्काला खुर्चीत बसवलं. तिनं डोळे बारीक केले.

"ह्ये काय गं? समद्या भाकऱ्याच!"

बघतो तर खरंच! वरून पातेलं गोल, परात गोल, टोपही गोल.

"पातेल्याला कान असत्यात, परातीला काठ," आक्का म्हणाली. "वरनं कशाला बघायचं? आमी काय आभाळात बसून सैपाक करतो?"

आणि उठलीच. कोनाड्यातली रांगोळीची वाटी घेतली, तिथंच फरशीवर बसली. चिमटीतून एक रेघ ओढली, पातेलं. त्याला एकच कान. परात तिनं मुद्दाम कलती काढली, डुगडुगणारी. खिरीच्या टोपावर वाफेच्या दोन वळ्या. सून वाकून फोटो काढत गेली, आणि फरशीवरची रांगोळी एकेक करून तक्त्याच्या डोक्यावर जाऊन बसली.

पुढच्या आठवड्यात आंबेगावकडचे एक पाव्हणे लेकीच्या लग्नाला भांडी न्यायला आले. खुर्चीत आक्का. मी मुद्दाम दारात उभी राहिले. तिनं पाव्हण्यांचा फोटो घेतला, एका कानाच्या पातेल्याखाली माउसचा बाण आणला, आकडा दाबला. मग परात. मग टोप.

पाव्हणे पडद्यात डोकावले. "मावशी, वर नावं लिवली न्हाईत व्हय?"

"पातेलं वळखू येईना तुमाला? आन निघाले लेकीचं लगीन लावायला!"

पाव्हणे इतके हसले की टेम्पोवाला आत बघायला आला.

टेम्पो गेला. आक्का खुर्चीतून उठेचना. तक्त्याचा वरचा डावा कोपरा असतो ना, पट्ट्या जिथं सुरू होतात, तिथं बोट ठेवून म्हणाली, "हा खण मोकळा का गं?"

"तिथं काही नसतं, मोठ्या आई," सून म्हणाली.

"नसतं कसं?"

खाली बसली, रांगोळी घेतली आणि लांब दांड्याची किल्ली काढली, दातांसकट.

"काढ फोटू. किल्ली कुणापाशी हाय, ते त्या पेटीलाबी ठाव असू दे."

आणि कमरेची खरी किल्ली काढून तिनं खोलीला कुलूप लावलं. मी आणि सून मात्र आतच राहिलो. खिडकीतून हाका मारल्या तेव्हा तिनं उघडलं, ते पण हसत हसत.