कॅप्टनने वर केलेले हात

मॅच सुरू व्हायच्या आधी आमचा कॅप्टन मैदानाच्या मध्याकडे न जाता आमच्याकडे यायचा. बाकीचे खेळाडू मातीला हात लावून तो कपाळाला नेत आत पळायचे. हा मात्र जाळीपाशी येऊन, दोन्ही हात काखेत दाबून, आमच्या पायऱ्यांसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा. आवाज फाटका, घसा कायमचा बसलेला. "शिव्या द्याच्या असल्या तर मला द्या. रेफ्री काय परगावचा न्हाय, तुमच्याच मंडईत भाजी घेतोय." लोक हसायचे. मागून कुणीतरी ओरडायचं, "क्याप्टन, तू गोल मार की, शिव्या कशाला दिऊ!" तो थांबायचा, ओरडणाऱ्याला गर्दीतून हुडकून काढायचा आणि म्हणायचा, "तू तर शिवी तोंडात धरूनच बसलायस लेका. दिसतंय मला हितनं." मग वळून आत. त्या नव्वद मिनिटांत आमच्या पायऱ्यांवरून पंचांना शिवी जायची ती निम्म्या आवाजात, चोरून.

त्याला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. त्याची आईसुद्धा शेजारणीला सांगायची, "आमचा क्याप्टन अजून जेवला न्हाय." तो पाणीखात्यात कामाला होता. पहाटे सायकलच्या दांडीला माणसाएवढी लोखंडी चावी बांधून निघायचा, चौकाचौकातल्या झाकणाखाली ती घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, की मग पेठेच्या नळांना पाणी. आम्ही हरलो की दुसऱ्या दिवशी बायका नळावर म्हणायच्या, "काल तोंड पाडून आलाय वाटतं, नळाला नुसता वारा येतोय." आणि पलीकडच्या पेठेची पोरं मॅचला त्याला बघून ताल धरायची, "पाणी सोड, पाणी सोड!" एकदा कॉर्नर मारायला त्यांच्या बाजूला गेला, बॉल खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "सोडलंय की. तुमच्या नळाला बी मीच सोडतो. घरला जाऊन आंघुळी करा." त्यांचीच पोरं खो खो हसली.

मी आठवीत शाळा सोडून उद्यमनगरात लेथवर लागलो होतो. घरी आई आणि मी. संध्याकाळी हातापायाचं ग्रीस तसंच घेऊन आमची टीम ज्या तालमीची, तिच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो, कारण कॅप्टन तिथे असायचा. त्याची एक खोड होती. मॅचच्या दिवशी भेटायला येणाऱ्याला आधी विचारायचा, "आज खाडा केलायस?" हो म्हटलं की हात मागे घ्यायचा. "मग जा. काम बुडवून बघितलेला गोल मला नको." पोरं खोटं बोलायला लागली, तर तो नखं बघायचा. माझ्या नखांत काळं असायचंच, म्हणून माझ्याशी हात मिळवायचा. शाळेत कुणी मला पहिल्या बाकावर बसवलं नव्हतं. त्या हात मिळवण्यावर मी आठवडा काढायचो.

चौतिशीला आला तेव्हा त्याचा डावा गुडघा पार गेला होता. बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तो गुंडाळायचा आणि वरून मोजा ओढायचा. दोनदा फायनल खेळला होता, दोन्ही वेळा हरला होता. त्या वर्षी मोसम सुरू होताना कट्ट्यावर म्हणाला, "यंदा एकदा ती ट्रॉफी तालमीत ठेवायची. मग बूट खुंटीला." एवढंच. पण पेठेला तेवढं पुरे होतं. फायनल जिंकली की त्याला खांद्यावरून कसं आणायचं, हलगी कुणाची, गुलाल किती पोती, सगळं ठरलं. ज्या ज्या चौकात तो पाणी सोडतो त्या त्या चौकात आपण त्याला ओवाळायचं, असं बायकांनी ठरवलं. त्याला कळलं तेव्हा लाजून म्हणाला, "पयला जिंकू तरी द्या बायांनो."

सेमीफायनल पलीकडच्या पेठेशी होती. एक-एक झालेलं, शेवटची काही मिनिटं. उजवीकडून बॉल आला आणि कॅप्टनने तो छातीवर घेऊन आत ढकलला. आमच्याकडे गुलाल उधळलासुद्धा. तेवढ्यात आमच्या बाजूच्या रेषेवरच्या पंचाचं, ज्याला आम्ही लाइनमन म्हणायचो, निशाण वर गेलं. ऑफसाइड; बॉल सुटला तेव्हाच कॅप्टन बचावाच्या पुढे होता म्हणे. गोल रद्द.

कॅप्टनने निशाणाकडे पाहिलं. मग तो आमच्याकडे वळला आणि त्याने दोन्ही हात वर फेकले. बघा काय चाललंय, असे. इतक्या वर्षांत त्याने पंचाविरुद्ध असं कधी केलं नव्हतं. पायऱ्या पेटल्या. माझ्या पायाशी फुटलेल्या पायरीचा सिमेंटचा तुकडा होता, तो मी उचलला. भान राहिलं नाही, असं लिहिणं सोपं आहे. पण भान होतं. हात मागे नेताना मला वाटलं होतं, कॅप्टन बघतोय.

आधी निशाण पडलं, मग माणूस पडला. माझ्या मागची अख्खी पायरी ओरडली, "बसला!" आनंदाने ओरडली. मग लाइनमनने तोंडावर धरलेल्या बोटांतून रक्त यायला लागलं. त्याच्याकडे सगळ्यात आधी पोचला तो कॅप्टन, लंगडत पळत. अंगातली जर्सी काढून त्याने त्या माणसाच्या तोंडावर दाबून धरली आणि उघड्या अंगाने त्याच्यासोबत गाडीत बसून गेला. लाइनमन म्हणजे आमच्या पेठेच्या हद्दीवर दुकान असलेले टेलर मास्तर. त्यांचा उजवा डोळा गेला.

पोलिसांत अज्ञात इसमाविरुद्ध नोंद झाली. फुटबॉलच्या कमिटीने तालमीला निरोप धाडला, की दगड मारणाऱ्याचं नाव द्या. मॅच पुन्हा खेळवू. नाव दिलं नाही तर तालीम दोन वर्षं बाहेर. तालमीत बैठक भरली. नाव सगळ्यांना माहीत होतं. मी दाराशी भिंतीला टेकून उभा होतो. नाव गेलं तर मी आत, आणि आई घरात एकटी. अध्यक्ष म्हणाले, "एका पोरापायी तालीम बुडवायची काय?" बरोबरच होतं त्यांचं.

कॅप्टन मांडी घालू शकत नसे, म्हणून पाय लांब करून बसला होता. तो म्हणाला, "गोल ऑफसाइड हुता."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो बोलतच राहिला.

"बॉल यायच्या आदीच मला ठावं हुतं. तरी हात वर केलं. सोळा वरसं काखेत धरलेलं हात. आन् ह्या पोरानं त्ये बघून दगड उचलला."

"आरं, पण दगड काय तू मारलास व्हय?" अध्यक्ष म्हणाले.

"क्याप्टन कोण हाय?"

"तू हाईस की."

"मग लिवा माझं नाव. पायऱ्यांचा बी क्याप्टन मीच हुतो."

दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे तो एकटा गेला. मागून कळलं की त्यांनीही खूप विचारलं, यानं दुसरं नाव घेतलं नाही; पोलिसांतली नोंदही अज्ञात इसमावरच राहिली. शेवटी दोन ओळींचं पत्र आलं, कार्बनची प्रत, अक्षरं फिकट. प्रेक्षकांना चिथावल्याबद्दल कप्तानाला कायमची बंदी, तालमीला माफी. तालमीच्या फळ्यावर ते टाचणीने लावलं होतं. कॅप्टनची निवृत्ती ती एवढीच. ना हलगी, ना गुलाल. पुन्हा खेळवलेली मॅच आम्ही त्याच्याशिवाय खेळलो आणि तीन गोलांनी हरलो.

त्या संध्याकाळी पोरं माझ्या दारात आली. ज्या पायरीने 'बसला' म्हणून आरोळी ठोकली होती, त्याच पायरीवरची. "भाईर ये भाड्या! तुझ्यामुळं क्याप्टन गेला आमचा!" आईने दाराला पेटी लावली आणि त्या पेटीवर बसून राहिली. बाहेरचा गलका अचानक थांबला. फटीतून पाहिलं, तर कॅप्टन आमच्या उंबऱ्यावर येऊन बसला होता, ती लोखंडी चावी दारात आडवी ठेवून. पोरं थोडा वेळ उभी राहिली, एकमेकांना ढोसत राहिली आणि गेली.

चौथ्या दिवशी त्याने मला मिरजेला रेल्वेत बसवलं. त्याचा एक जुना गोलकीपर कोइमतूरला पंपांच्या कारखान्यात होता, त्याच्या नावची चिठ्ठी माझ्या खिशात. "हितं ऱ्हाईलास तर पोरं तुला मारतील, न्हाय मारलं तर पिऊन मरशील. लेथ येतोय न्हवं? मग भाषेला भिऊ नको. लोखंड सगळीकडं तसंच हाय." मी वाकलो, तर त्याने पाय मागे घेतला. "माझ्या काय पाया पडतोस? मास्तरांच्या घरी गेलास का?" मी गेलो नव्हतो. तेवढ्यात गाडी हलली.

आज मी जे दोन घास खातो ते त्या चिठ्ठीचे आहेत. सुरुवातीची वर्षं फार वाईट गेली. खानावळीत ताटात काय मागायचं तेही हातवारे करून सांगायचो, आणि पोलिसाचा खाकी रंग दिसला की अजूनही मी रस्त्याची बाजू बदलतो. महिन्यातून एकदा बूथवरून त्याच्या शेजारच्या दुकानात फोन करायचो. तो विचारायचा, "भाताची सवं झाली का? आईला न्हेलंस का तिकडं?" फुटबॉलचं एक अक्षर नाही. आणि फोन ठेवताना दर वेळी एकच, "मास्तरांना पत्र घातलंस?" मी म्हणायचो, घालतो. चार-पाच वेळा बसलोही लिहायला. 'मास्तरांस शिरसाष्टांग' एवढं व्हायचं आणि पुढे आठवीत शाळा सुटलेला हात चालायचा नाही. पण खरं कारण अक्षराचं नव्हतंच.

आईला इकडे आणली तेव्हा तिच्याकडून कळलं की तो पुन्हा मैदानावर गेलाच नाही. बंदी खेळायला होती, बघायला नव्हती. तालमीने बोलावलं, सत्कार करतो म्हणाले, तर सायकलवरून उतरलासुद्धा नाही. "बूट खुंटीला लावायचं ठरलंच हुतं की," म्हणाला आणि गेला.

आठ वर्षांनी एका पहाटे तो व्हॉल्व्हच्या झाकणापाशी बसल्या बसल्या गेला. चावी अर्धी फिरवलेली होती. त्या दिवशी पेठेत पाणी उशिरा आलं आणि कुणी तक्रार केली नाही.

मी पोचलो तो रविवार होता, तालमीत शोकसभा चालू होती. दाराशी, जिथे तेव्हा उभा होतो तिथेच जागा मिळाली. लोक एकेक उठून त्याचे गोल सांगत होते. कुणाला पावसातला आठवत होता, कुणाला पाठमोरा मारलेला. रडत होते, खरंच रडत होते. मग मागच्या पायरीवरचाच एक जण, आता टक्कल पडलेला, उठून म्हणाला, "त्यो शेवटचा गोल ऑफसाइड नव्हताच! छातीवर हात ठिवून सांगतो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या खोलीत त्याने स्वतःच्या तोंडाने उलटं सांगितलं होतं, त्याच खोलीत. अध्यक्षांनीही वाजवल्या. मी उठून बोलायला हवं होतं. मी बाहेर पडलो आणि पाय मास्तरांच्या दुकानाकडे वळले.

शटर अर्धं वर होतं. मास्तर मशीनवर मान वाकडी करून बसले होते. उजव्या डोळ्यात नुसता पांढरा ठिपका.

"या पावणं. कापड आणलंय?"

"न्हाय."

"मग?"

"दगड मी मारल्याला, मास्तर."

त्यांनी शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, मगच मशीन थांबवलं. "क्याप्टनला लई येळा नाव इचारलं मी. म्हणायचा, माझं लिवून घेतलंय की सगळ्यांनी." मग मान वळवून डावा डोळा माझ्यावर आणला. "किती वरसं लागली तुला हितवर याला?"

"आठ."

"त्यो दुसऱ्या ऐतवारीच आला हुता. तवापास्नं दर ऐतवारी. एका डोळ्यावर नेम बसत न्हाय बाबा, सुईत दोरा जात न्हाय. काजं-बटणं हातानंच करतोय मी. त्यो हितं बसायचा आन् आठवड्याच्या सुया ओवून ठिवायचा. एवढा दांडगा गडी, जीभ भाईर काढून ओवायचा. मॅच असली की मैदानातला गलका हितवर यायचा. मी म्हणायचो, जा की बघायला. म्हणायचा, दोरा दे."

भिंतीवर कापडाची जुनी, टाचण्यांनी भरलेली गादी टांगलेली होती. तिच्यावर चार सुया, पांढरा दोरा ओवलेल्या.

"ह्या त्येच्याच," मास्तर म्हणाले. "ऱ्हायल्यात."

मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. मास्तरांनी हात हलवला. "त्येचं मला काय कळत न्हाय." मग सुयांची पुडी आणि रीळ माझ्यापुढे सरकवलं. मी स्टुलावर बसलो. लेथवर मी केसाएवढा फरक हाताने ओळखतो, पण पहिली सुई ओवायला मला किती वेळ लागला ते सांगायची लाज वाटते. मास्तर घाई करत नव्हते. पाच-सहा झाल्यावर म्हणाले, "परत कधी जायाचं?"

"मंगळवारी."

"आन् पुढच्या ऐतवारी?"

मी पुढची सुई उचलली. मी ओवलेल्या सुया पुठ्ठ्यावर होत्या. मास्तरांनी त्यांना हात लावला नाही. त्यांनी चाचपत गादीवरची एक सुई काढली, सदरा मांडीवर ओढला आणि काज करायला घेतलं. गादीवर आता तीन उरल्या होत्या.