काळ्या कापडावरचे इंग्रजी शब्द

कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापड कापणाऱ्या कटरबाईंना सगळे ‘मास्तरीण’ म्हणू लागले होते, तेही तोंडावर. या वयात इंग्रजी शिकायचं म्हणजे थट्टा होणारच! बाई हसून वेळ मारून नेत. पण शिकणं त्यांना भाग होतं.

कारण उजवं मनगट पार कामातून गेलं होतं. कापायचं मशीन धरलं की बोटं बधिर व्हायची. हे घरी लेकीला ठाऊक होतं, कारखान्यात कुणालाच नाही. मशीनवर हात चुकला तर बोटं जाणार, आणि मालकीणबाईंना कळलं तर नोकरी जाणार. वाट एकच उरली होती, ऑर्डर तपासणाऱ्या माणसाची रिकामी झालेली जागा. तिथे सगळा कारभार इंग्रजीत, म्हणून परीक्षा होणार होती. मालकीणबाई एक शब्द देणार, त्याला पुढे-मागे जोडून नवे शब्द करायचे आणि अर्थ सांगायचे.

“सोपं आहे गं आई,” लेक भाजी चिरता चिरता शिकवायची. “मूळ शब्द म्हणजे कोटाचं अंग. पुढे ‘अन’ लाव, मागे ‘नेस’ लाव. हॅपी, अनहॅपी, अनहॅपीनेस.”

“आणि ‘अन’ कुठे नि ‘डिस’ कुठे, हे मला कोण सांगणार? तुझा बाप?”

“ते पाठच करायचं.”

झालं! पाठांतराच्या नावाने बाईंची लहानपणापासून बोंब. मग त्यांनी कामावरच सराव धरला. कापडाच्या वरच्या थरावर खडूने खुणा करायच्या, त्यातच चार शब्द लिहायचे आणि कापण्याआधी ब्रश मारून पुसून टाकायचे. उजव्या हाताला आराम म्हणून डाव्याने लिहायचे. यूज, यूजफुल, यूजलेस. हा शेवटचा लिहिताना त्यांना धडकीच भरायची.

परीक्षा उद्यावर आली आणि घाईत घात झाला. साध्या खडूऐवजी मेणाचा खडू हाती आला. तो ब्रशने निघत नाही, हे त्या कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. बाईंनी घाबरून वरून इस्त्री फिरवली. मेण वितळून कापडात जिरलं आणि काळ्या कापडावर एकेक अक्षर तेलकट चमकू लागलं. तेवढ्यात मालकीणबाई टेबलाशी आल्याच.

“हे कुणाचे उद्योग?”

“माझेच, बाई. चुकलं माझं. पण उद्या परीक्षेला बसू द्या.”

मालकीणबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. “शब्द बरोबर आहेत गं. पण तुझी रेघ मी इतकी वर्षं बघतेय, कधी हलली नाही. मग ही अक्षरं अशी लुळी का? उजवा हात बघू.”

बाईंनी हात पाठीमागे नेला.

“बघू म्हणते ना!” मालकीणबाईंनी टेबलावरची मोठी कात्री त्यांच्या उजव्या हातात दिली. ती खणकन खाली पडली.

“आजपासून मशीनला हात लावायचा नाही.”

“अहो बाई, मग मी करू काय?”

“घरी जा, अभ्यास कर. उद्या नापास झालीस, तर तुझ्यासाठी दुसरी जागा माझ्याकडे नाही.”

बाई बाहेर आल्या. रस्त्याने चालता चालता त्यांनी पुटपुटायला तोंड उघडलं, आणि सकाळी लेकीसमोर धडाधड म्हटलेल्या शब्दांपैकी एकही आठवेना.