तिकडचं मतदान

“एकदा गुलाल पडला की समदं निवळतंय बघा.” अंगणात शेंगा फोडत आई शेजारच्या काकूंना सांगत होती. “पोरगी रोज इंग्रजीतनं बातम्या वाचती. तिकडं शांत हाय म्हणती.”

मी दाराआडच थांबले.

माझे पप्पा पॅनमन, म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा पाडणारे. काम ढोकीकडच्या साखर कारखान्यात शिकले आणि दोन हंगामांपूर्वी पश्चिम आफ्रिकेतल्या एका कारखान्यात गेले. त्या देशाचं नाव आईला अजून धड घेता येत नाही. ती नुसतं ‘तिकडं’ म्हणते. त्या रविवारी तिकडं संसदेची निवडणूक होती, आणि उत्तरेत सैन्याची हत्यारबंद टोळ्यांशी लढाई चालू होती. आणखी एक हंगाम थांबायचं की परत यायचं, हे पप्पांनी सोमवारी कळवायचं होतं. त्यांनी ते आईवर सोपवलं होतं आणि आईनं माझ्या बातम्यांवर.

निवडणूक म्हटलं की आईला आमच्याकडची कारखान्याची निवडणूक आठवते. दोन पॅनल, धुरळा उडवत फिरणाऱ्या जीपा, महिनाभर एकमेकांशी न बोलणारे सख्खे भाऊ. मग निकाल, गुलाल, आणि पुढच्याच लग्नात तेच भाऊ एका पंगतीला.

मी वाचलं होतं ते वेगळं होतं. मतदान करणाऱ्यांना धमक्या आल्या होत्या. काही गावांत पेट्या पोचणारच नव्हत्या. शनिवारी एका गावावर हल्ला झाला होता. मी आईला एवढंच सांगितलं, “मतदानाची तयारी झालीय.” ते खोटं नव्हतं; ‘शांत हाय’ हे आईनं त्यातनं काढलं. घरात मी मोजकंच बोलते. मग पुढचं कुणी विचारत नाही.

सोमवारी दुपारी पप्पांचा व्हिडिओ कॉल आला. रात्रपाळी संपवून ते तसेच उभे होते. नेहमीसारखी काचेची पट्टी उजेडात धरून त्यांनी आईला दाणा दाखवला.

“झालं का मतदान?” आईनं विचारलं.

“झालं की. कारखान्याच्या शाळेतच होतं. बाया पहाटेपासनं रांगेत. भोवती बंदूकवाले.” त्यांनी पट्टी खाली घेतली. “आमच्या पाळीतला म्हातारा मिस्त्री मत द्यायला गावाकडं गेलाय शनवारी. काल रात्री यायला पायजे होता.”

“कुठं गेलाय?”

पप्पांनी गावाचं नाव सांगितलं. मी ते इंग्रजी अक्षरांत वाचलेलं होतं.

“यील की! गुलाल खेळत बसला असंल,” आई हसली. पप्पाही हसले, पण जरा उशिरा. “मग थांबा अजून एक हंगाम. आता तर मतदान बी झालं.”

पप्पा पट्टीवरचा दाणा अंगठ्यानं चोळत राहिले. “पोरी, तू वाचतीस ना सगळं? तुझं काय म्हणणं?”

आई माझ्याकडं बघत होती, हसू अजून तसंच. मी तिच्या हातातून फोन घेतला.

“पप्पा, मी आईला अर्धंच सांगितलंय. त्या गावावर शनिवारी हल्ला झालाय. तुम्ही थांबू नका. घरी या.”