हणमव्वाची हाक

हिवाळ्यातल्या सकाळी मेंढवाड्याशी उभं राहिलं की आधी वास येतो. लोकरीवरचं दव उन्हाला वाफाळू लागतं, लेंड्यांचा उबट, किंचित आंबूस दर्प त्यात मिसळतो, आणि त्या पांढुरक्या वाफेतून एकेक तोंड उगवत जातं. काळं, लांबोडकं, काहीतरी विचारून गप्प राहिलेलं. जन्मापासून मी हा वास घेत आलो. पण माणूस गेल्यावर वाससुद्धा मुका होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? ज्याचं जातं त्यालाच ते कळतं, आणि तो बोलत नाही.

शिवाची माय, माझी बायको, पौषात गेली. दुपारी बाजेवर आडवी झाली, ‘जरा पाठ टेकते’ म्हणाली, आणि टेकलेली पाठ पुन्हा उचललीच नाही. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते तिच्या हाकेबद्दल.

आमच्या घरात मेंढरांना हाक बाई देते. पुरुषानं हाकलायचं, कातरायचं, पाला तोडायचा, लांडग्यामागं धावायचं. पण बोलवायचं नाही. हाक अशी : “बाऽऽ बा, बाऽऽ बा, बा.” शेवटचा ‘बा’ आखूड, दार लावल्यासारखा. कानडीत त्याचा अर्थ ‘ये’. आम्हा कुणाला कानडी येत नाही. औशाकडच्या या माळावर आमच्या चार पिढ्या मराठीतच जन्मल्या आणि मराठीतच मातीत गेल्या. सगळी भाषा वाटेत गळून पडली, तेवढा एक शब्द मेंढरांनी धरून ठेवला. माणसापेक्षा जनावराची स्मृती चिवट असते का? असावी. आपण विसरायला कारणं शोधतो, त्यांना कारणं लागत नाहीत.

आमचा मूळपुरुष बिराप्पा. मांजरेच्या पल्याडच्या मुलखातला. तिकडं दुष्काळ पडला, विहिरींत खडक दिसू लागले, तेव्हा बायको आणि शंभरावर मेंढरं घेऊन तो निघाला. कुठं निघाला? त्यालाही ठाऊक नव्हतं. जिकडं गवत तिकडं, एवढाच त्याचा पत्ता. बायकोचं नाव हणमव्वा. ती पुढं चालायची, हाक देत. मेंढरं तिच्या मागं. आणि सगळ्यांच्या मागं बिराप्पा, खांद्यावर घोंगडं आणि घोंगड्यात नुकतं जन्मलेलं कोकरू. मांजरा उतरताना वर कुठं तरी पाऊस झाला असावा, पाणी अचानक फुगलं. हणमव्वा मध्यावर होती. पाय सुटला, एकदा हात दिसला, मग तोही नाही. निम्मी मेंढरं अल्याड पोचलेली, निम्मी पल्याड अडकलेली, आणि मधून नदी चालली आहे, काही घडलंच नाही अशी!

आता बघा, माणूस घाईत काय करतो ते. तिला धरायला उडी टाकून पोहत अल्याड आलेल्या बिराप्पानं मागची मेंढरं बोलवायला बायकोचा आवाज काढला. हुबेहूब. बारा वर्षं तिच्या मागं चाललेला माणूस, त्याला का जमू नये? मागची मेंढरं पाण्यात शिरली, येऊ लागली. पण समोरच्या काठाला उभी दरड होती. तिच्यावर आपटून तीच हाक परत आली. बारीक, ओली, बाईची. आणि अल्याड सुखरूप आलेली मेंढरं वळली. एकेक करून, शांतपणे, ज्या काठावर कुणीही नव्हतं त्या काठाकडं, पाण्यात चालत गेली. बिराप्पा ओरडत राहिला. पण आता तो आपल्या आवाजात ओरडत होता, आणि तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

ही गोष्ट सांगताना माझा बाप इथं थांबायचा, चिलीम ठोकायचा आणि म्हणायचा, “म्हनून गेलेल्या माणसाच्या हाकेनं मेंढरू बोलवू न्हाई. येतंय खरं. पर तुज्याकडं येत न्हाई.”

उरलेली पंचवीस-तीस मेंढरं घेऊन बिराप्पा देगलूरच्या बाजूनं फिरत फिरत या माळावर आला. पाटलानं सांगितलं, रानात मेंढरं बसव, खत दे, ज्वारी घे, राहा. तो राहिला. दुसरं लग्न केलं, इकडचीच बाई. तिच्या हाकेला मेंढरं वर्षभर फिरकली नाहीत म्हणे. तिनंच मग दस्तूर घातला : हाक जिवंतपणीच सुनेच्या हवाली करायची. नवी सून आली की सासूनं पुढं उभं राहायचं, ओंजळीत मीठ धरायचं; सुनेनं मागं, सासूच्या पाठीला छाती लागेल इतक्या जवळ. दोघींनी एकदम हाक द्यायची. मेंढरं येऊन सासूच्या हातचं मीठ चाटतात, कानांत मात्र दोन आवाज जातात. असं दीड-दोन महिने. सासूनं रोज आवाज थोडा थोडा उतरवायचा. एके दिवशी ती नुसती उभी राहते, गप्प. आणि मेंढरं तरी येतात. त्या दिवशी सासू ओंजळ सुनेकडं देते, आणि घरात पुरणपोळी होते. किती सोपं, आणि किती कठीण! स्वतःचा आवाज असा रोज एक चिमूट कमी करत जाणं कोणत्या शहाण्याला जमेल?

माझ्या आईनं शिवाच्या मायला अशीच हाक दिली. मी तेव्हा नवा नवरदेव, भिंतीआडून बघायचो. आई मागं न बघता म्हणायची, “जोरात वरड की गं, नवऱ्याला बोलवून राहिलीस का मेंढरास्नी?” आणि ही पदर तोंडाशी धरून लाल व्हायची. त्या काळी माळ उघडा होता, नजर जाईल तिथवर कुसळी गवत. आता चहूबाजूंनी सोयाबीन, तारेची कुंपणं, हायवेवरून सोलापूरच्या गाड्या. बिराप्पा शंभर घेऊन निघाला होता, माझ्याकडं चाळीस. पण हाक तीच होती.

आमचा शिवा पुण्याकडं कंपनीत. सून तिथलीच झालेली, गुणी पोर आहे, खोटं कशाला बोलू? मागच्या दिवाळीला चार दिवस सासूच्या मागं उभी राहिली. शिवानं मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. त्यात ही हाक देते, मागं सून देते, सुनेला हसू फुटतं, आणि ही म्हणते, “हसू नको गं, बिचकत्यात.” मग दोघीही हसतात. तिथं ते संपतं. जाताना ही सुनेला म्हणाली, “ऱ्हायलेलं पुढल्या दिवाळीला.” पुढली दिवाळी! आपण काळाला किती सहज उधारीवर ठेवतो.

तेराव्यानंतर शिवा निघाला तेव्हा मेंढरांनी चारा सोडला होता. वाड्याचं फाटक उघडलं तरी बाहेर येईनात. मी काठी आपटली, शिव्या दिल्या. नुसती बघत राहिली. शिवा म्हणाला, “बाबा, काढून टाका आता. तुमच्यानं व्हनार न्हाई.” मी म्हणालो, “तू काढ की तुजी कंपनी.” मग त्यानं ते चित्रण माझ्या मोबाइलमध्ये घालून दिलं. “हितं दाबलं की माय बोलती. करमंना झालं तर ऐकत जा.” पोराचं मन चांगलं होतं. दोष त्याचा नाही.

दुसऱ्या दिवशी, चांगलं लख्ख ऊन पडलेलं असताना, मी वाड्यासमोरच्या दगडावर मोबाइल ठेवला आणि दाबलं. माझ्यासाठी दाबलं, देवाशपथ. पण चाळीस माना एकदम वर झाल्या. फाटकातून मेंढरं अशी आली जशी भिंत फुटावी. माझ्या दोन्ही अंगांनी गेली, मी जणू खांब आहे. दगडाभोवती गोल करून थांबली. हाक संपली, हसणं संपलं. आणि मग ती शांतता! चाळीस जनावरं, पण एक कान हलत नाही, खूर वाजत नाही, माशी उडवायला शेपूट हलत नाही. रानात वारा होता, तुरीच्या शेंगा वाजत होत्या, आणि त्या गोलात मात्र काही तरी थांबलं होतं. मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती हाव. मी पुन्हा दाबलं.

मग रोज दाबू लागलो. सकाळी, दुपारी, दिवस कलताना. मेंढरं चरता चरता तोंडातलं गवत टाकून यायची. यायची, उभी राहायची, वाट बघायची. आणि मी त्यांच्यात बसायचो, कारण ती जिची वाट बघत होती तिची वाट बघणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. एकदा भरदुपारी मी विहिरीवरून परत येत होतो. मोबाइल माझ्या खिशात होता, बंद. तरी मेंढरं दगडाभोवती गोल करून उभी, माना एकाच बाजूला, उत्तरेला. आमच्या बांधाला तिला माती दिली आहे तिकडं नव्हे, तर मांजरेकडं. मांजरा तिथून कोसांवर. त्यांनी ती कधी बघितलीही नाही. बापाचे शब्द आठवले : तुज्याकडं येत न्हाई.

पण मी थांबलो नाही. माणूस जाणूनबुजून चुकतो तेव्हा त्याला चूक म्हणू नये, दुसरा शब्द शोधावा. मेंढ्यांचं दूध आटलं. बरगड्या मोजता येऊ लागल्या. दोन कोकरं थानाला लागून लागून, काही न मिळून, मेली. त्यांना मीच पुरलं. हलकी होती, लोकरीच्या गुंड्यांसारखी. गुन्हा कुणाचा हे मला विचारावं लागलं नाही.

त्याच आठवड्यात हेळवी आला. हेळवी म्हणजे आमच्या पिढ्यांची वही सांभाळणारा माणूस. त्याचा बाप बैलावर बसून यायचा, हा मोटारसायकलवर येतो. ओसरीवर वही उघडून त्यानं आमची वंशावळ गायली, अर्धी कानडी, अर्धी मराठी. आमच्या पानावर पुरुषांच्या रांगेशेजारी हाक देणाऱ्या बायांची वेगळी रांग आहे. वर हणमव्वा, खाली शिवाची माय. “पुढं कोन, काका?” त्यानं विचारलं. मी मोबाइल दाबला. अंगणात मेंढरं आली, उभी राहिली. हेळव्यानं वही मिटली. त्याचा चेहरा उतरला होता.

“काका, ह्ये काय करून राहिलात?”

“दस्तूर मोडून राहिलो,” मी म्हणालो. “दिसतंय की तुला.”

तो मेंढरांकडं बघत म्हणाला, “मोडलाच हाय तर पुरा मोडा. काकू म्होरं उभी हाय. तुमी मागं उभं ऱ्हावा.”

“मी? बाईमानसाचं काम?”

“लाज वाटती व्हय? गावात कळलं मला, दोन कोकरं मेली. ती मारताना न्हाई वाटली?”

असा बोलला. माझ्या पोराच्या वयाचा.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं. सकाळी एकदाच. मोबाइल दगडावर, दगडाच्या मागं मी, ओंजळीत मीठ. ती म्हणे “बाऽऽ बा,” मी म्हणे “बाऽऽ बा.” पहिल्या दिवशी माझा आवाज ऐकून एडका बिचकून कुंपणावर गेला. शेजारच्या रानातून कुणीतरी ओरडलं, “अप्पा, घसा बसला का घर बसलं?” हसू द्या. पाच-सहा दिवसांनी मेंढरं मिठाला तोंड लावू लागली. मग मला तिचं काम करावं लागलं, सासूचं काम. म्हणजे तिचा आवाज मीच उतरवायचा. मोबाइलच्या कडेला बटण असतं. रोज एकदा खाली. ते बटण दाबताना अंगठा कसा जड होतो हे ज्यांना कळेल त्यांनी देवाकडं जास्त काही मागू नये. ती दूर जात होती. आधी वाड्यातून, मग बांधापलीकडून, मग माळाच्या टोकावरून हाक देत असल्यासारखी. हसण्याचा तुकडा आधी विरला. “हसू नको गं” त्यानंतर. शेवटी नुसती एक खरखर राहिली, आणि तिच्यातही मला ती ऐकू यायची. मेंढरांना येत होती की नाही कुणास ठाऊक!

परवा मोबाइल घरातच ठेवला. दगडापाशी गेलो, दगडाच्या मागं उभा राहिलो, मीठ धरलं. हाक दिली, जाडी, फुटकी, म्हाताऱ्या बाप्याची हाक. शेवटचा ‘बा’ आखूड.

आली. धावत नाही, चालत आली. चरत, ढुशा देत, जशी जिवंत माणसाकडं येतात तशी. एक मेंढी शिंकली. एक कोकरू आईच्या पोटाखाली घुसलं आणि शेपूट हलवून पिऊ लागलं. मी रडलो नाही. पुरण घालायला घरात कुणी नव्हतं, म्हणून गूळ-भाकरी खाल्ली. हेळव्याला फोन केला, म्हणालो, बायांच्या रांगेत एका बाप्याचं नाव घाल. तो हसला, “घालतो, काका. मुच्छड सून.”

एवढंच एक आहे. दगड मी आता हलवला आहे, समोर काही नाही, मोकळी जमीन. तरी मेंढरं माझ्यापर्यंत येत नाहीत. एका माणसाची जागा सोडून थांबतात, नीट ओळीनं, आणि तिथून मान पुढं करतात. मीठ द्यायचं तर मला त्या मोकळ्या जागेवरून हात लांब करावा लागतो. मी करतो. हात जरा गार पडतो, एवढंच.