पारखीबाई आणि घरधनीण छाप बेसन

पारखीबाई रव्याचं पाकीट कानाला लावून ऐकत असत. भर दुकानात, डोळे मिटून, डॉक्टर छाती तपासतात तेवढ्या गांभीर्याने. पाकीट एकदा हलवायचं, थांबायचं, मग दुसऱ्या कानाला लावून पुन्हा हलवायचं. "जुना हाय," एवढंच म्हणून त्या ते फळीवर परत ठेवत, आणि मागे उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या आपापल्या टोपल्यांतली रव्याची पाकिटं मुकाट्याने बाहेर काढत असू. रव्यातून त्यांना नेमकं काय ऐकू येई ते मला आजतागायत कळलेलं नाही. घरी येऊन, दार लावून, मीही एकदा प्रयोग करून पाहिला. मला फक्त रवा ऐकू आला.

त्यांचं आडनाव पारखी नव्हतं. ते नाव कॉलनीने दिलेलं. खरंखुरं पारखी आडनावाचं एक कुटुंब कॉलनीत राहत होतं, पण त्या बिचाऱ्यांची पत्रंसुद्धा पोस्टमन यांच्याच दारात टाकून जाई. मी सांगलीहून लग्न होऊन गडचांदूरच्या सिमेंट कॉलनीत आले तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधून पहिली चौकशी त्यांनीच केली. नाव-गाव काही नाही. "तुह्या डब्यातली हळद दाखव वो," म्हणाल्या. मी दाखवली. त्यांनी चिमूटभर हातावर चोळली, तळहात उन्हात धरला आणि माझ्या माहेरच्या हळदीला पास केलं. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर जीव जडला. सासरी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी माझं काहीतरी पास केलं होतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी गावात मुख्य रस्त्यावर एक सुपर बाजार उघडला. हातात टोपली घेऊन स्वतःच माल उचलायचा, ही आमच्या गावाला नवलाई. त्या बाजाराने स्वतःच्या नावाची पाकिटं काढली होती, 'घरधनीण छाप'. तांबूस गुलाबी पाकीट, त्यावर मोठ्ठा अंबाडा घातलेली, दात दाखवून हसणारी एक बाई. तिखटापासून फिनाइलपर्यंत सगळीकडे हीच बाई आणि हेच हसू. मोठ्या कंपन्यांच्या मालापेक्षा स्वस्त, म्हणून सगळ्यांची बोटं तिकडे वळायची आणि भीतीने मागे यायची. पारखीबाईंनी पहिल्याच दिवशी पाकीट डोळ्यांजवळ नेऊन त्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "एवढी काऊन हासून राह्यली हे? आतला माल हिले मालूम दिसते," म्हणाल्या.

मग दर गुरुवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर घरधनिणीची परीक्षा सुरू झाली. एका गुरुवारी एकच वस्तू. आम्ही सात-आठ जणी वाट्या घेऊन बसायचो. निकाल तीनच प्रकारचे असत : "घरच्याले", "पाहुण्याले" आणि "जो पाहुणा पुन्हा येऊ नये त्याले". चौथा प्रकार अलिखित होता. जे पाहुण्यालाही देता येणार नाही ते भाऊंच्या डब्यात जाई. भाऊ म्हणजे त्यांचे यजमान, कारखान्याच्या पॅकिंग विभागात होते. अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. घरधनीण छाप शेवया उकळत्या पाण्यात टाकल्या आणि झाकण काढलं तर नुसतं पाणी, अशी पाळी आली तेव्हा ते पाणीसुद्धा भाऊ मीठ घालून प्याले. "गरम हाय, बरं वाटते," एवढीच त्यांची तक्रार.

बिस्किटांचा गुरुवार मी विसरणं शक्य नाही. बिस्कीट चहात धरायचं आणि "राम राम" म्हणत राहायचं. किती रामांत तुटतं ते पाहायचं. नेहमीच्या कंपनीचं तिसऱ्या रामाला कपात पडलं. घरधनीण छाप धरलं तर राम म्हणून म्हणून आमचे घसे सुकले, चहा निवून त्यावर साय धरली, पण बिस्कीट जसंच्या तसं. शेवटी बाईंनीच हात दुखला म्हणून ते बाहेर काढलं. "हे आपल्याच फ्याक्टरीत बनते का वो?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डुगडुगणाऱ्या पाटाच्या एका पायाखाली ते बिस्कीट मी स्वतः पाहिलं.

चहा पावडर ओल्या फडक्यावर पसरली तर फडकं क्षणात लालभडक. "हे चहा नोहे, होळी हाय." तिखट पाण्यात टाकलं तर तळाला विटेचा चुरा. हे निकाल त्या दुकानात जाऊन, मॅनेजरसमोर, खणखणीत आवाजात सांगायच्या. मॅनेजर वर्ध्याकडचा सडपातळ माणूस होता. त्या दारातून आत शिरल्या की तो स्वतः खुर्ची आणून ठेवी. "बाई, जरा हळू बोला ना जी," तो हात जोडायचा. "मी हळूच बोलून राह्यली. मोठ्यानं बोलली तं पार चंद्रपूरले ऐकू जाईन." पण चांगल्याला चांगलं म्हणायलाही त्या चुकत नसत. फिनाइल पास, खराटा पास, काडेपेटी पास, गूळ तर पहिल्या नंबराने पास. "या घरधनिणीले झाडझूड मस्त येते. रांधता येत नाई, बस," असा त्यांचा एकंदर अभिप्राय होता.

हे सगळं हसण्यावारी चाललेलं असलं तरी बाईंना ते हसण्यावारी नव्हतं. त्या चौथी शिकलेल्या. मोठ्या साहेबांच्या बायका इंग्रजी मासिकं चाळायच्या, पण हरभरा डाळ घ्यायची झाली की यांनाच विचारायच्या. "माह्याजवळ ना शिक्षण ना सोनं," एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "जीभ हाय. तेवढीच इज्जत."

आणि मग बेसनाचा गुरुवार आला. बाईंनी घरधनीण छाप बेसनाची चिमूट जिभेवर ठेवली. दुसरी चिमूट घेतली. मग उठल्या, चूल पेटवली, वडे तळले. पहिला वडा खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मला वाटलं मिरची लागली. "घरच्याले," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "फक्त घरच्याले. पाहुण्याले देऊच नोका." असा निकाल पूर्वी कधी लागला नव्हता. संध्याकाळपर्यंत दुकानातली फळी रिकामी झाली आणि मॅनेजरने आनंदाच्या भरात बाईंच्या घरी एक खराटा भेट पाठवला.

दिवाळी तोंडावर होती. महिला मंडळाने कॉलनीतल्या घरोघरी बेसनाचे लाडू वाटायचं ठरवलं, आणि बेसन अर्थातच घरधनीण छाप. भाजायला मीही होते. भाजताना वास मला जरा निराळा वाटला, पण पारखीबाईंनी पास केलेल्या मालाला नाक मुरडणारी मी कोण? लाडू वळून डबे भरले.

वाटपाच्या आदल्या दिवशी मंडळाच्या बैठकीत मोठ्या साहेबांच्या मॅडम एक पुडी घेऊन आल्या. नागपूरच्या, शांत बोलणाऱ्या बाई. त्यांचा भाऊ नागपुरात डाळीचा व्यापारी. सहज म्हणून त्याला बेसन दाखवलं होतं. "अर्ध्याहून जास्त लाखोळी आहे म्हणतो. हरभरा नावाला," मॅडम म्हणाल्या. लाखोळीची डाळ तेव्हा विकायला बंदी होती. रोज पोटभर खाल्ली तर माणसाचे पाय लुळे पडतात म्हणून. कुणीतरी घाबरून विचारलं, की आमच्याकडे चार दिवस भजी झाली त्याचं काय. मॅडम म्हणाल्या, एवढ्याने काही होत नाही. सगळ्या जणी सतरंजीकडे पाहत होत्या, म्हणजे खरं तर पारखीबाईंकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होत्या.

मी त्यांच्या शेजारी होते. हळूच म्हटलं, "सांगा ना, तुम्ही चाखलं ते पाकीट निराळं होतं म्हणून."

"काऊन? जीभ तं हेच होती ना," त्या म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुमचा भाऊ बरोबर सांगून राह्यला. माहं माहेर सावली गावाकडचं. आमच्या इकडं धान उभा असतानाच वावरात लाखोळी फेकतेत. चणा आम्ही कुठी पाह्यला? वडे लाखोळीचे, पातोड्या लाखोळीच्या, झुणका लाखोळीचा. त्यालेच आम्ही बेसन म्हणो. लग्न होऊन इथी आली, तवापासून दुकानातलं बेसन मले बेसन लागलंच नाई. मले वाटे, या गावात चांगलं भेटतच नाई. अन् हे पाकीट खोललं तं वाटलं, भेटलं बापा एकडाव." त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "तुम्ही माह्या जिभेवर भरोसा ठेवला. थे त्या दिवशी माहेराले गेली होती. चूक माही हाय. लाडू फेका."

दोन दिवसांत नवे लाडू झाले. खात्रीच्या दुकानातला हरभरा आणून दळला. भाजायला बाईंनी कुणालाही हात लावू दिला नाही. भल्यामोठ्या कढईपुढे एकट्या घामाघूम होऊन बसल्या. बेसन खमंग झालं तेव्हा चमचाभर काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "तू पाहाय. मी नाई चाखत." मी चाखलं, चांगलं आहे म्हटलं, आणि मला इतकं वाईट वाटलं की पुढे लाडू मला वळताच येईनात. पुढारी खुर्ची सोडताना रडतात. या बाईने चमचा सोडला आणि डोळ्यांत टिपूस नाही.

सुपर बाजाराने ते बेसन गुपचूप उचललं. पण गुरुवार काही पुन्हा भरला नाही. आम्ही पाकिटं घेऊन जायचो तर त्या चहा पाजून परत पाठवायच्या. "माही जीभ एका गावची हाय वो. तुमची तुम्ही वापरा." आम्ही वापरली, आणि कॉलनीचे हाल कुत्रा खाईना. कुणाच्या पोह्यांची पेज झाली, कुणाच्या पापडाला बुरशीची नक्षी निघाली. माझ्या नवऱ्याने घरधनीण छाप बदामी खारी चावली आणि त्याला चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं. त्या दुकानात बाई आता गुपचूप यायच्या, यादीतलं घ्यायच्या आणि जायच्या. मॅनेजर खुर्ची आणून ठेवायचा, पण त्या बसायच्या नाहीत. "बाई, काही तरी बोला ना जी," तो एकदा अगदी काकुळतीने म्हणाला. त्या नुसत्या हसल्या.

असं दीड वर्ष गेलं आणि भाऊ निवृत्त झाले. दोघं सावलीकडे, बाईंच्या भावाच्या गावी घर बांधून राहणार होती. मंडळाने कॉलनीच्या हॉलमध्ये निरोपाचं जेवण ठेवलं, प्रत्येकीने घरून एक पदार्थ आणायचा. असं जेवण मी जन्मात पाहिलं नाही. सगळ्या जणी आतून घाबरलेल्या, आणि सगळ्या जणी मनातून एकच मागत होत्या, की बाईंनी आज काहीतरी म्हणावं. चांगलं नाही तर नाही, वाईट म्हणावं. त्या मात्र खाली मान घालून जेवत होत्या. माझा भात खाल्ला, काही नाही. कुणाची भाजी, कुणाची चटणी, काही नाही. पानात वाढलेलं सगळं शांतपणे संपवत होत्या.

शेवटी मॅडमनी केलेलं वरण त्यांनी भातावर घेतलं. एक घास खाल्ला. हात थांबला. आम्हा सगळ्यांचेच हात थांबले. बाईंनी मान वर केली, मॅडमकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं, आणि त्यांच्याच्याने राहवेना.

"मीठ कमी हाय वो," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये जो गलका उडाला त्याला काय म्हणावं मला कळत नाही. कुणी हसत होतं, कुणी टाळ्या पिटत होतं. मी तर चक्क रडले. साहेबांच्या मॅडम, ज्यांच्या स्वयंपाकाला नाव ठेवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती, त्या लगबगीने उठल्या, स्वतः आत गेल्या आणि मिठाची बरणी घेऊन पारखीबाईंच्या पानाशी वाकल्या.

पारखीबाईंनी दोन खडे बोटावर घेऊन आधी चाखले.